येसूचे फूल

एका राज्यात दिगंतसेन नावाचा राजा होता, आणि त्याला जग पाहण्याची भारी हौस होती. स्वतः जाण्याची नव्हे हो, माणसे पाठवण्याची! जिथे कुणाचे पाऊल पडले नाही तिथे त्याची मोहीम जाई, खडकावर राजमुद्रा कोरी आणि परत येई. मुद्रा कोरायला असे मैराळ पाथरवट.

एका मोहिमेत मैराळाने तीन मुद्रा कोरल्या. पहिली वाळूच्या मुलखात, जिथे महिनाभर चालले तरी झाड दिसत नाही. दुसरी बर्फाच्या सुळक्यावर. तिसरी समुद्राच्या तळाशी. तिथे तो श्वासवेलीचे पान दाढेखाली धरून उतरला. ते पान विरेपर्यंत माणसाला पाण्यात श्वास घेता येतो.

घरी आला तो लेक येसू दारात उभी. भर उन्हात तिला सावली नव्हती. हात धरला, तो बर्फासारखा गार. तिने तोंड उघडले, पण शब्द फुटेना. आईविना वाढवलेली एकुलती एक पोर!

गावच्या मांत्रिकाने तांदूळ टाकून पाहिले. म्हणाला, "सावली गेली, ऊब गेली, वाचा गेली. वर्षाच्या आत परत आणली नाहीस, तर प्राणही जाईल. कुठे काय कोरलेस ते आठव."

मैराळ राजाकडे गेला. "महाराज, मुद्रांना शाप लागला आहे. पुसण्याची आज्ञा व्हावी."

"आमच्या मुद्रेला शाप?" राजाचे तोंड आंबट झाले. "पूस. पण घोडा मिळणार नाही."

तर मैराळ पायी निघाला. सोबतीला कुंपणावरचा भारद्वाज. त्याला माणसाची बोली येत असे, आणि तोंडाचा तो अगदी फाटका होता.

वाळूच्या मुलखात पोचल्यावर मैराळाने राजमुद्रा घासून सपाट केली. टेकाडावर वाळूचा यक्ष बसून पाहत होता.

"हे काय चालवले आहेस?"

"राजमुद्रा पुसली. आता माझ्या लेकीची सावली दे."

"राजमुद्रा? कोण राजा?" यक्ष म्हणाला. "मला खालचे फूल दिसले. माझ्या खडकावर कोरून ती पोर तू मला दिलीस, म्हणून तिची सावली ठेवून घेतली."

मैराळाने वाकून पाहिले. मुद्रेखाली त्यानेच कोरलेले येसूचे फूल होते. त्या राज्यातल्या पाथरवटांची एक रीत होती. मोठ्या कामाखाली ते थोरल्या लेकराच्या नावाचे एक फूल कोरीत, करंगळीच्या नखाएवढे. दगड टिकेल तोवर लेकरू टिकावे, एवढीच त्यामागची माया. ते फूल पुसायचे केव्हा, तर लेकरू गेल्यावर. बापाने, आपल्या हाताने.

"जित्या लेकीचे फूल मी पुसणार नाही," मैराळ म्हणाला.

"नको पुसू," भारद्वाज म्हणाला. "फूल राहील दगडावर. लेक नाही राहणार. कर विचार, घाई कसली?"

मैराळ तीन दिवस त्या खडकापाशी बसून होता. चौथ्या दिवशी छिन्नी लावली. पाच पाकळ्या होत्या. एकेका पाकळीला त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, कारण हे काम त्याने आपल्या बापाला करताना पाहिले होते, थोरल्या भावासाठी.

"सावली गेली माघारी," यक्ष म्हणाला. "पण पोचली की नाही, हे तुला इथे कळणार नाही."

बर्फाच्या सुळक्यावर हिमयक्षिणी होती. थंडीने छिन्नीचे टोक उडाले, तेव्हा मैराळाने उरलेल्या बुडख्यानेच फूल खरवडले. यक्षिणीने मान हलवली आणि वारा पडला.

समुद्राच्या तळाशी एक म्हातारी कासवीण राखण करीत होती. पाण्यात हातोडा चालेना, म्हणून मैराळ गोटा घेऊन घासू लागला. चार पाकळ्या गेल्या आणि दाढेखालचे पान विरले.

"वर जा," कासवीण म्हणाली. "मरशील."

मैराळ गेला नाही. श्वास कोंडून तो घासत राहिला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी अंगठ्याने चाचपून पाहिले. पाचवी पाकळी लागली नाही, तेव्हाच त्याने गोटा सोडला. कासविणीने त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणून टाकले.

वर्ष सरायला एक दिवस उरला होता, तेव्हा तो वेशीत शिरला. राजा सज्जात उभा होता.

"मुद्रा पुसल्यास?"

"एक पुसली, महाराज. दोन तशाच आहेत. तिथे त्या कुणी वाचत नाही."

राजाने दोन दिवस अन्न घेतले नाही. तिसऱ्या दिवशी दवंडी पिटवली, की यापुढे मोहिमेने जावे, डोळे भरून पाहावे आणि छिन्नी घरी ठेवून जावे.

मैराळ मात्र वेशीतून निघाला तो आपल्या अंगणात येऊन थबकला. फूल पुसलेला बाप घरात शिरत नाही; डोक्यावरून धोतर घेऊन बाहेर बसतो. त्याने तर तीनदा पुसले होते. तो बसला.

"मी आत बघून येऊ?" भारद्वाजाने विचारले. एवढे हळू तो कधी बोलला नव्हता.

"नको रे बाबा."

ऊन कलले. मैराळाच्या पायांवर एक सावली येऊन थांबली. मग कुणीतरी त्याच्या डोक्यावरचे धोतर मागे सारले. तो हात चुलीपाशी बसून आल्यासारखा गरम होता.

"बाबा, मेले कोण? केव्हाचे बसलात! उठा, पाय धुवा, भाकरी निवतेय."

मैराळ पोरासारखा ओक्साबोक्शी रडला आणि मग जेवायला उठला.

येसूचे गेलेले येसूला मिळाले. ऐकणाऱ्यांचेही घरी येवो.