रंगाऱ्याने पाळलेला शब्द

शिडाची गलबते वाऱ्याच्या मर्जीने बंदराला लागत, त्या काळची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात सूत रंगवणारा एक रंगारी आणि त्याची बायको राहत होती. त्यांना मूलबाळ नव्हते. बायकोने एकदा एका खलाशाकडून दोन इवलीशी पिल्ले घेतली. उंदराहून मोठी, सशाहून लहान, शेपूट नसलेली. आज आपण त्यांना गिनीपिग म्हणतो. दोघे एकाच आईचे, दोघेही नर. पांढऱ्याचे नाव तिने कवडू ठेवले, तांबड्याचे गेरू.

पिल्ले तिच्या पदरात एकमेकांना बिलगून झोपत. तिची चाहूल लागली की बारीक शीळ घालत.

पुढे ती तापाने अंथरुणाला खिळली. जाण्याआधी तिने नवऱ्याचा हात धरला. म्हणाली, "या दोघांची ताटातूट करू नका."

"नाही करणार," रंगारी म्हणाला.

दिवस गेले. पिल्ले वयात आली आणि एक पेटी दोघांना पुरेना. गेरू दात कटकटा वाजवी, मानेवरचे केस फुलवी, कवडूला कोपऱ्यात रेटी. कवडूही मग उलटून अंगावर जाई.

रंगाऱ्याची सासू शेजारच्या गावी राहत असे. तिने जन्मभर शेळ्या आणि ससे पाळले होते. लेकीच्या आठवणीने ती अधूनमधून येई. तिने हे पाहिले.

"जावईबापू, हा खेळ नव्हे," ती म्हणाली. "मध्ये बांबूची जाळी घाला. एकमेकांना दिसतील, एकमेकांचा वास येईल, पण दात पोचणार नाहीत."

रंगाऱ्याने रंगाच्या हंड्यावरून मान वर केली नाही. "आई, तुमच्या लेकीला मी शब्द दिलाय."

लेक म्हातारीचीही गेली होती. ती तशीच घरी परतली.

एका दुपारी पेटीतून किंचाळी ऐकू आली. रंगारी धावला. दोन्ही जनावरे एकमेकांत गुंतली होती. जाड कापड टाकून त्यांना सोडवायला हवे होते, पण त्याने घाईने उघडा हातच मध्ये घातला. गेरूचे दात त्याच्या बोटात हाडापर्यंत रुतले. कवडूच्या कुशीवर रक्त आले होते.

रंगाऱ्याने जखमेवर तेलात कालवलेली हळद थापली, बोटाला चिंधी बांधली, आणि दोघांना पुन्हा एकाच पेटीत ठेवले. थोड्या दिवसांत जखमेवर खपली धरली. बाजूचे लांब पांढरे केस तिच्यावर पडले. आता काही दिसत नव्हते. सासूने निरोप धाडून विचारले, तेव्हा त्याने कळवले, "दोघे मजेत आहेत."

पण कवडूने गवताला तोंड लावणे सोडले. अंग फुलवून तो एका जागी बसून राहू लागला. तेव्हा रंगारी घाबरला आणि त्याने स्वतःच सासूला बोलावणे पाठवले.

ती आली. कवडूला मांडीवर घेऊन तिने केसांवर हळूच फुंकर घातली. केस दुभंगले. खपलीखाली सुपारीएवढी गाठ होती, हाताला चटका बसावा अशी गरम.

"वरची कातडी मिटली, घाण आतच राहिली," ती म्हणाली. "आधी त्या दुसऱ्याला वेगळ्या टोपलीत ठेवा."

या खेपेला रंगाऱ्याने ऐकले. म्हातारीने जखमेभोवतीचे केस कापले, मिठाच्या कोमट पाण्याच्या घड्या ठेवल्या. गाठ फुटली, पू वाहून गेला. ती सकाळ-संध्याकाळ जखम धूत असे आणि जखमेचे तोंड लवकर मिटू देत नसे. रंगारी कोवळे गवत वाटून त्याचा रस थेंब थेंब पाजत असे. पण विष अंगभर पसरले होते. एका सकाळी कवडू त्याच्या ओंजळीतच गेला.

दोघांनी त्याला अंगणात पुरले. मग रंगारी म्हणाला, "आई, मी शब्द तर पाळला होता. कधी वेगळे केले नव्हते त्यांना."

म्हातारीने डोळे पुसले. "लेक बोलली तेव्हा ही पिल्ले तान्ही होती, जावईबापू. एकमेकांच्या उबेवर जगत होती. जाळी घातली असतीत, तर त्यांची ताटातूट झाली नसती. ती आज झाली."

थोडे थांबून ती म्हणाली, "मीही तेव्हा हट्टाने बोलायला हवे होते. लेकीचे नाव निघाले आणि माझी जीभ अडली."

बायको गेल्यापासून रंगारी रडला नव्हता. त्या दिवशी तो सासूच्या पायांशी बसून रडला.

त्याचे बोट कायमचे वाकडे राहिले. सुतातले पीळ काढताना ते दुखे. गेरू पुष्कळ वर्षे जगला, रंगाऱ्याने त्याला काही कमी पडू दिले नाही. पण तो पुन्हा कधी शीळ घालताना ऐकू आला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, शब्द पाळताना तो ज्यांच्या भल्यासाठी दिला, त्यांच्याकडे आधी पाहावे.