सुभेदाराचा मानाचा नारळ

माझा नवरा निर्दोष आहे, हे मी बंदरभर ओरडून सांगितलं, पण कुणाला ते पटलं नाही. शत्रूच्या बंदराच्या तोंडात आपली तीन जुनी लढाऊ गलबतं बुडवून वाट बंद करायची होती. दोन बुडाली. तिसरं माझ्या नवऱ्याकडे, धाकू तांडेलाकडे होतं. ते बुडायच्या आत शत्रू बाहेर निसटला आणि त्याने आपली माणसं मारली.

"तांडेलाने उशीर केला, त्याचा कडेलोट करा," गोमाजी सुभेदार म्हणाला. आरमाराचे सरदार मान डोलावणार, तोच मी पुढे झाले.

"सुभेदार, हातात नारळ कसला?"

"मानाचा! शत्रूच्या बंदरातून सगळ्यांत शेवटी बाहेर पडणाऱ्याला मिळतो, बाई. आम्ही आत शिरून त्यांचं कोठार जाळलं."

"मग बाहेर आलात कुठून?"

"उरलेल्या फटीतून."

"ती फट माझ्या नवऱ्याने तुमच्यासाठीच उघडी ठेवली. तुमच्या पाठोपाठ शत्रू आला. आणि आत गेलाच नसाल, तर नारळ खाली ठेवा."

सुभेदाराला नारळ धरवेना, ठेववेना.

"आत जायचा हुकूम कुणाचा होता?" सरदारांनी विचारलं. "माझाच," तो पुटपुटला. धाकूच्या बेड्या निघाल्या.

मग सरदार मारल्या गेलेल्या माणसांच्या, तिथे जमलेल्या विधवांकडे वळले. "तुमचा गुन्हेगार कोण?"

सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, "गोमाजी सुभेदार."