कुमुदनगरीची रेघ आणि विलंबनाथाचं जेवण

एका राज्यात कुमुदनगरी नावाचं गाव होतं. कोणत्या राज्यात, ते मात्र विचारू नका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गावापुढे तळं, तळ्यात पांढरी कुमुदं, काठावर सातशे उंबरे. गाव लहान, पण त्याला नगरपंचायत होती. अकरा पंच होते, म्हणजे भांडणंही होती. बाकी सुख होतं.

एका दुपारी तिसऱ्या प्रहरी गावातून रेघ उमटली. बोटभर रुंद, पांढरट. तळ्यातून आली, घाट चढली, पंचायतीच्या बैठकीच्या खोलीतून गेली, बाजारपेठेच्या कडेने पलीकडे माळावर निघून गेली. पुसली तर पुसेना, खणली तर खाली तशीच.

पूर्वेला राजा प्रतापकेतू राज्य करी, पश्चिमेला राजा विक्रमबाहू. गाव इतकं लहान, की ते आपल्यापैकी कोणाचं हे दोघांनाही आठवत नव्हतं. पण रेघ दिसताच दोघांनी दवंडी पिटली, "ही सीमा आम्ही आखली." अलीकडे एक चौकी बसली, पलीकडे एक चौकी बसली. गावाचे दोन देश झाले. बाजार एका देशात, स्मशान दुसऱ्या देशात.

रेघेचा गुण असा, की वस्तू पलीकडे जाई, आवाज पलीकडे जाई. पण इकडचा माणूस तिकडे गेला, की त्याचा पक्षी होई. परत अलीकडे आला तरी पक्षीच. मोजणीदार रंभाजी साखळी घेऊन रेघ मोजायला गेला, तोल गेला, बगळा झाला. तीन पंच वादाच्या भरात रेघ ओलांडून गेले, त्यांच्या टिटव्या झाल्या. बैठकीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

त्या अकरा पंचांत एक होती म्हाळसा. नाव वल्हवायची, आणि पंचायतीचं काम वल्हवल्यासारखंच करायची. चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप. तिचा नवरा येसोबा गावचा आचारी. तो उलटा, सगळं मंद आचेवर. रेघ त्यांच्या घरातून गेली ती नेमकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. त्या वेळी म्हाळसा ओसरीवर होती आणि येसोबा चुलीपाशी. झालं. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या.

तीन वर्षं असा संसार झाला. येसोबा रांधायचा आणि ताट वेळूच्या काठीने उंबऱ्यापार सरकवायचा.

"आमटी गरम आहे. जपून."

"कळतं मला. तुम्ही जेवा आधी."

"तू जेव. मग मी."

रेघेच्या दोन बाजूंना बसून दोघं जेवायची. शेजारीपाजारी म्हणायचे, या दोघांचं इतकं चांगलं आधी कधी जमलं नव्हतं.

चौथ्या वर्षी, भाद्रपदात, म्हाळसेला ताप भरला. येसोबाने उंबऱ्याआडून हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली. नाही. तिसऱ्यांदा मारली. नाही. तेव्हा त्याने पेजेची वाटी उचलली आणि उंबरा ओलांडला.

म्हाळसेने डोळे उघडले, तर उशाशी काळा पाणकावळा उभा. चोचीत वाटीची कड. पेज एक थेंब सांडलेली नाही. त्याने वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "पी."

ती प्यायली. मग रडली. मग ताप उतरला.

पक्ष्यांना बोलता येई, पण रोज त्यांचे थोडे थोडे शब्द गळत. येसोबाची आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग वार गेले. मग मसाले जाऊ लागले. ज्या दिवशी त्याला 'हळद' आठवेना, त्या दिवशी म्हाळसा घाटावर गेली आणि रंभाजी बगळ्यापुढे उभी राहिली.

"रंभाजी, याचा शेवट काय?"

"शेवटचा शब्द गेला, की पक्षी थव्यात जातो," बगळा म्हणाला. "थवा डोंगरापलीकडे जातो. इथून दोन कोस. डोंगर ओलांडला, की पुन्हा माणूस होणे नाही."

"आणि उपाय?"

"माझ्यापाशी आता मोजमापाचेच शब्द उरलेत, बाई. तेवढं सांगतो. रेघ माळावर करंगळीएवढी. गावात बोटभर. तळ्यात दोन बोटं. पुढे चार. जिथे सर्वांत जाड, तिथे ती सुरू झाली. जिथे सुरू झाली, तिथे ती काढणारा असेल."

म्हाळसेने त्याच घटकेला नाव सोडली. पाण्यावर रेघ फेसाच्या धाग्यासारखी दिसत होती. तिने नावेचा नाळेकडचा टोकदार भाग बरोबर त्या धाग्यावर धरला, धड या देशात नाही, धड त्या देशात नाही. नाळेवर येसोबा बसला, पंख पसरून वाळवत.

पाण्यातल्या चौकीवरून शिपाई ओरडला, "थांब! कोणत्या देशात आहेस?"

"कोणत्याच नाही. रेघेवर आहे."

"रेघेवर फिरायला परवाना लागतो."

"देतो कोण?"

शिपायाने पुष्कळ विचार केला. "रेघेचा अधिकारी."

"तो कुठे बसतो?"

"असा कोणी नेमलेला नाही."

"मग नेमला, की मला कळवा," म्हाळसा म्हणाली आणि पुढे गेली. शिपायाने तेवढं लिहून घेतलं.

तळ्याच्या मधोमध एक खडक होता. तिथे रेघ हातभर जाड होती. खडकावर विलंबनाथ मांत्रिक बसला होता. दाढी पाण्याला टेकलेली, डोळे मिटलेले, आणि उजवा हात समोर हवेत धरलेला. हातावर भात वाळून खवले झाले होते.

"नाथबाबा," म्हाळसा म्हणाली, "आधी हात तरी धुवा."

"जेवण झालेलं नाही. हात कसा धुवू?"

"किती वेळ असे बसलात?"

"तीन वर्षं, पाच महिने."

"कोणी जेवू दिलं नाही तुम्हाला?"

मांत्रिकाने डोळे उघडले. "तू."

म्हाळसेला कसं आठवलं, कोण जाणे, पण आठवलं. तळ्याच्या देवीचा भंडारा. पहिल्या पंगतीला चारशे पानं, आणि पाठीमागे दुसऱ्या पंगतीची चारशे माणसं जेवणाऱ्यांच्या टाळूवर नजर लावून उभी. सगळे जेवून उठले. एक परका साधू राहिला. एकेक घास तो बत्तीस वेळा चावत होता. दात पडले होते, तरी गणित सोडलं नव्हतं. ताकभाताला त्याने नुकता हात घातला होता. म्हाळसा झपझप आली, म्हणाली, "बाबाजी, आटपा आता, पंगत खोळंबली." आणि त्याच्यापुढचं पान ओढून घेतलं.

"मी इथवर चालत आलो," विलंबनाथ म्हणाला. "मग संताप आला. हात झटकला. ताकाचे थेंब उडाले, त्यांची रेघ झाली."

"म्हणजे ही सीमा राजांनी आखलेली नाही?"

"राजांना इतकी सरळ रेघ काढता येते का, बाई?"

म्हाळसेने मान खाली घातली. ही तिच्या आयुष्यातली पहिली वेळ. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"त्याने पोट भरत नाही. तीन गोष्टी कर. एक, सबंध गाव एका पंगतीला बसव. दोन, दोन्ही राजे त्या पंगतीत भुईवर बसव. तीन, माझं जेवण होईतो कोणी उठायचं नाही, आणि आटपा म्हणायचं नाही. एक जण उठला, तर दुसरी रेघ ओढीन. मग चार देश करा."

म्हाळसा परतली. पहिली गोष्ट सोपी. पानं रेघेच्या दोन्ही अंगांना मांडली, ज्याने त्याने आपल्या देशात बसायचं. वाढपी शेजारगावांतले, इकडचे निराळे, तिकडचे निराळे. दुसरी गोष्ट पंचांना अशक्य वाटली. म्हाळसेने दोन पत्रं धाडली, दोन्हींत मजकूर एकच: 'मानाचं पान एक आहे. पलीकडचे महाराज लवकर येतो म्हणाले आहेत.' दोन्ही राजे आदल्या दिवशीच येऊन बसले.

स्वयंपाक येसोबानेच सांगितला. मसाल्यांची नावं गेली होती, पण डबे ओळखू येत. तो चोचीने डब्यावर टकटक करी, म्हाळसा चमचा भरे. जास्त झालं, की तो पंख झाडी. अशी चौदाशे पानांची आमटी झाली. स्वयंपाक उतरला तेव्हा त्याच्यापाशी तीन शब्द उरले होते.

सकाळी पंगत बसली. विलंबनाथ रेघेवरूनच चालत आला आणि रेघेवरच बसला. पान वाढलं. त्याने पहिला घास घेतला. एक, दोन, तीन, चार...

तो दिवस गेला. विलंबनाथाचा वरणभात झाला नव्हता. येसोबा पानांमधून तुरुतुरु फिरत विचारत होता, "मीठ? मीठ?" संध्याकाळी तो शब्द गेला.

दुसरा दिवस पोळीभाजीत गेला. येसोबा विचारत होता, "पाणी? पाणी?" राजा प्रतापकेतूच्या पायांना मुंग्या आल्या. त्याचं तोंड उघडलं, त्यातून "आट" एवढं बाहेर पडलं, तोच समोरून राजा विक्रमबाहूने लाडू भिरकावला. तो नेमका त्या तोंडात बसला. दोन राज्यांमधला हा पहिला सलोखा. दोन दिवस माणसं बसून कशी राहिली, बाकीचे विधी कसे उरकले, असं विचारणारे नेहमी भेटतात. त्यांनी आपलं कोणत्या तरी शहाण्या पुस्तकात पाहावं. संध्याकाळी 'पाणी' गेलं.

तिसऱ्या दिवशी विलंबनाथाने ताकभात कालवला. येसोबा येऊन म्हाळसेच्या पानापुढे उभा राहिला. पान जसंच्या तसं होतं. तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"जेवलीस?" तो म्हणाला.

"जेवते हो. बसा इथे."

"जेवलीस?"

"बसा म्हणते ना. कुठे जाऊ नका."

असं दुपारपर्यंत चाललं. मग एकदा त्याने चोच उघडली आणि काहीच आलं नाही. त्याने मान तिरपी केली. पानाकडे पाहिलं, पक्षी पाहतात तसं. म्हाळसेकडे पाहिलं, तेही तसंच. आभाळात पाणकावळ्यांचा थवा जात होता. येसोबा धावला, उडाला, थव्यात मिसळला. थवा तळ्यावरून डोंगराकडे निघाला.

म्हाळसेचे दोन्ही तळवे भुईला टेकले. एक गुडघा उचलला गेला. चौदाशे माणसांनी श्वास धरला. समोर विलंबनाथाचा शेवटचा घास उरला होता.

विलंबनाथ थांबला. हात पानावर तसाच ठेवून म्हणाला, "थोडं लोणचं मिळेल?"

थवा तळ्याच्या मध्यावर पोहोचला होता. म्हाळसेने गुडघा खाली टेकवला. तिचा आवाज फाटला, पण शब्द नीट आले.

"वाढा रे नाथबाबांना लोणचं. आंब्याचंही वाढा, लिंबाचंही वाढा. बाबा, सावकाश होऊ द्या."

लोणचं आलं. विलंबनाथाने फोड उचलली, पाहिली, खाली ठेवली, दुसरी उचलली. घास तोंडात घातला. एक, दोन, तीन... म्हाळसा आभाळाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या जबड्याकडे पाहत होती, आणि ओठातल्या ओठात म्हणत होती, "सावकाश, सावकाश." थवा तळ्याच्या पलीकडच्या काठाशी आला. एकोणतीस, तीस, एकतीस.

बत्तीस. विलंबनाथाने बोटं चाटली, ओंजळभर पाणी प्यायला आणि ढेकर दिली. ती दोन्ही राजधान्यांत ऐकू गेली.

रेघ गेली. पुसली नाही, विरली नाही, गेली. टिटव्यांचे पंच झाले आणि राहिलेल्या वादाला लागले. बगळ्याचा रंभाजी झाला. आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आभाळातून पाण्यात एक माणूस पडल्याचा धप्प आवाज झाला.

विलंबनाथाने हात धुतला. "वाढपी बरे आहेत," एवढं म्हणून तो कधी दिसेनासा झाला, कोणाला कळलं नाही.

राजे उठू गेले, तर पाय चालेनात. शेवटी एकमेकांच्या खांद्याला धरून उभे राहिले. तसं उभं राहिल्यावर भांडायला अडचण होते. प्रतापकेतू म्हणाला, "हे गाव आपणच ठेवा." विक्रमबाहू म्हणाला, "छे, आपणच." तेव्हा म्हाळसा म्हणाली, "पंचायत ठेवील." दोघांनी मान डोलावली. चौक्या उठल्या.

येसोबा पोहत पोहत दिवस कलता काठाला लागला. नखशिखान्त भिजलेला, केसांत शेवाळ. पंगतीपाशी आला, म्हाळसेच्या पानातल्या आमटीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "हळद जास्त झाली."

"तुम्हीच तीनदा टकटक केलीत."

"आणि तू अजून जेवली नाहीस?"

"तुमची वाट पाहत होते."

येसोबाने कोमट झालेली आमटी काढून टाकली, गरम वाढली, भातावर तूप घातलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हाळसेने पहिला घास घेतला. आता पंगतीतून उठलेले लोक आणि पक्ष्यांतून नुकते माणूस झालेले, भुकेने कासावीस झालेले लोक, असे सगळे पाठीमागे उभे होते, कारण पुढच्या पंगतीला जागा व्हायची होती. म्हाळसा जेवत राहिली. एकेक घास, नीट चावून. कोणी खोकलंसुद्धा नाही.

रेघ गेली, गाव जुळलं, पक्ष्यांची माणसं झाली. त्या गावाला मिळालं तसं सुख ऐकणाऱ्यांनाही मिळो, आणि सांगणाऱ्याला गरम आमटी मिळो.