मेजरचा खांदा

"बाबा, भीती जावी म्हणून दंडाला काही बांधता का हो?"

"कुणाच्या दंडाला?"

मेजर विलास थोरवडे यांनी फकिराच्या तकियाच्या, त्या मठीच्या, दाराकडे एकदा बघून घेतले. बाहेर कुणी नव्हते.

"माझ्याच."

अमीनशा बाबांना दिसत नव्हते. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. किल्ल्याच्या निम्म्या चढावर त्यांचा तकिया होता, आणि तिथवर उगीच कुणी चढून येत नसे.

"काम काय करतोस?"

"कॉलेजात भूगोल शिकवतो. आणि प्रादेशिक सेनेत अधिकारी आहे. वर्षातले काही आठवडे वर्दी, बाकी खडू आणि फळा. पण आता हुकूम आलाय. परवा सरहद्दीवर निघायचंय."

"जबरदस्ती हाय?"

"नाही. मीच अर्ज केला होता. स्वतःहून."

हा शब्द मेजर नेहमी ठासून म्हणत. कॉलेजात, सासुरवाडीला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आज तो हळूच म्हटला.

"तिथं डोंगरात सुरुंग पेरलेले असतात, बाबा. पुढच्यानं जिथं पाऊल टाकलं, तिथंच मागच्यानं टाकायचं. आणि सगळ्यांच्या पुढं..."

"तू."

"मी. गेल्या खेपेला एका वळणावर घाबरलो. पाय लटपटायला लागले. मागच्या पोरांना कळू नये म्हणून छाती काढली आणि लांब ढांगा टाकत सुटलो. माझ्या मागं शेडगे नावाचा जवान होता, ठेंगणा. त्याला माझी पावलं गाठता येईनात..."

बाबांनी हातातली माळ थांबवली.

"त्याचा पाय गेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर मलाच म्हणतो, साहेब, तुमची छाती वाघाची!"

मेजरनी तोंडावरून हात फिरवला.

"आता अख्खी कंपनी मागं असणार. भीती काढून टाका माझी. आणखी कुणाचा पाय जायला नको."

बाबा उठले.

"मला नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, पाण्याच्या टाक्यावर जायचंय. रोज काठी असती. आज तू हो पुढं."

"पण दंडाला..."

"हो पुढं."

टाक्याची वाट कड्याच्या पोटात खोदलेली होती, एका माणसापुरती. डावीकडे कातळ, उजवीकडे काहीच नाही. खाली घारी फिरत होत्या आणि मेजरना त्यांच्या पाठी दिसत होत्या.

बाबांनी मेजरच्या खांद्यावर हात ठेवला.

पहिल्याच वळणावर पायाखालची बारीक खडी सरकली. खांदा थरथरला. मागे बाबांचे पाऊल लगेच आखूड झाले, कातळाला चिकटून पडले.

पुढे वाट रुंद झाली. खांदा सैल पडला. बाबांचे पाऊलही मोकळे झाले.

असेच ते जात राहिले. म्हातारा एकदाही अडखळला नाही. उलट काहीतरी गुणगुणत होता.

मेजरना मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळ्यांनी अधू असलेला माणूस गुणगुणतो आहे, आणि आपण, सैन्यातले अधिकारी, कापतो आहोत. तेही त्याच्या हाताखाली!

त्यांनी दात आवळले. खांदे ताठ केले, नजर समोर लावली आणि झपाझप चालू लागले. परेडच्या मैदानावर चालत तसे.

बाबांचा हात खांद्यावरून निसटला.

मेजर थांबले. वळून बघितले तर बाबा भर वाटेत, पाठ कातळाला लावून खाली बसलेले.

"दमलात?"

"न्हाई."

"मग?"

"मला भ्या वाटतंय."

मेजरना हसू आले. चढून आल्यापासूनचे पहिलेच.

"भ्यायचं काय त्यात? बघा, मी आता मुळीच भीत नाही."

"म्हणून तर."

"म्हणजे?"

बाबांनी पाय पोटाशी घेतले. मेजरना राग आला. आपण इतक्या लांबून आलो, मनातले सगळे उघडे केले, आणि हा म्हातारा थट्टा करतो. त्यांनी समोर तोंड केले आणि भली मोठी ढांग टाकली.

"हे असं चालायचं असतं..."

वाटेची कड निखळली.

मेजरचा उजवा पाय पोकळीत गेला. हाताला कातळातली एक कपार लागली, तिला ते लटकले, गुडघा खरचटत वर आले आणि पोटावर पडून राहिले. सुटलेला दगड खाली गेला होता. तो कुठेतरी आपटेल म्हणून ते कान देऊन ऐकत होते. पण आवाज येईना... येईना... आणि आला तेव्हा फार खालून आला.

"काय पडलं?" बाबांनी विचारले.

"दगड."

"दगडच का?"

"हो... दगडच."

मेजर हातापायांवर रांगत मागे आले. बाबांच्या शेजारी बसले. अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ होत आली होती, आणि टाके अजून पुढेच होते.

"बाबा..." मेजर म्हणाले. "मला फार भीती वाटतेय हो. खरंच फार वाटतेय."

बाबा कातळ धरून उभे राहिले. त्यांनी चाचपत मेजरचा खांदा शोधला. तो थरथरत होता. मेजरनी या वेळी तो आवरला नाही.

"मग मला न्हाई," बाबा म्हणाले. "चल."