खिंडीतला पांढरा दगड

डोंगर अर्धवट झोपेत असायचे, तेव्हाची ही गोष्ट. रानातल्या खिंडीत वाटसरूंनी खुणेसाठी दगडावर दगड रचले होते. सगळ्यात वरचा पांढरा दगड धुक्यातही दिसायचा.

"ये, माझ्या कुशीत ढग निजतात," खालचं तळं त्याला म्हणायचं. एकदा वारा आला तसा दगड मुद्दाम घरंगळला आणि तळ्यात जाऊन निवांत पडला.

मग धुकं उतरलं. वाट चुकलेली एक बाई मुलीला घेऊन काठावर बसली. "पांढरा दगड दिसला असता तर एव्हाना आपण घरी असतो," ती म्हणाली. दगडाला ते ऐकू आलं. पण दगडाला चढ चढता येत नाही.

धुकं विरल्यावर मुलीला तो पाण्यात दिसला. तिनं त्याला उचलून पुन्हा खिंडीत ठेवलं.

तळं अजूनही बोलावतं. दगड म्हणतो, "आज नको. धुकं येतंय, कुणीतरी वाटेवर असेल."