कुंभारमाशीचं अर्धं मडकं

शेंगदाण्याएवढी एक कुंभारमाशी होती. कंबर सुईसारखी बारीक. ती ओल्या मातीचं मडकं करायची आणि मडक्यात अंडं ठेवायची.

कालचं मडकं अर्धं राहिलं होतं. आज माती हवी होती. नळापाशी चिखल असायचा. माशी आली भुणभुण भुणभुण. बघते तर चिखलावर जीपचं चाक.

"आता गं बाई. माती नाही, तर मडकं नाही. मडकं नाही, तर अंडं कुठे ठेवू?"

जीप छबूमावशीची. शेतातून वांगी घेऊन आली आणि नळापाशीच बंद पडली. मावशी घाम पुसत बसली होती.

"मावशी मावशी, जीप हलव ना."

"कशी हलवू गं? बाजाराची वेळ झाली आणि हे असं. इंजिन चाललं, तर हलवीन."

माशी गेली इंजिनाकडे, भुणभुण भुणभुण.

"इंजिना इंजिना, चाल ना. मावशी जीप हलवेना, मला माती मिळेना."

इंजिन म्हणालं, "पोटात पेट्रोल नाही. फिल्टरने गाळून दिलं, तर चालेन."

माशी गेली फिल्टरकडे, भुणभुण भुणभुण.

"फिल्टरा फिल्टरा, पेट्रोल गाळ ना. इंजिन चालेना, मावशी जीप हलवेना, मला माती मिळेना."

फिल्टर म्हणाला, "सगळे आधी मलाच दोष देतात. मावशीने आत्ताच मला नवीन बसवलं. बघ, कचऱ्याचा कण नाही. पंपाने ढकललं, तर गाळीन."

माशी गेली पंपाकडे, भुणभुण भुणभुण.

"पंपा पंपा, पेट्रोल ढकल ना. फिल्टर गाळेना, इंजिन चालेना, मावशी जीप हलवेना, मला माती मिळेना."

पंप म्हणाला, "ओढून ओढून दमलो. टाकीने सोडलं, तर ढकलीन."

माशी गेली टाकीकडे, भुणभुण भुणभुण.

"टाकीबाई टाकीबाई, पेट्रोल सोड ना. पंप ढकलेना, फिल्टर गाळेना, इंजिन चालेना, मावशी जीप हलवेना, मला माती मिळेना."

टाकी म्हणाली, "पेट्रोल भरपूर आहे. पण ते बाहेर जायचं, तर हवा आत यायला हवी. माझा श्वास कोंडलाय. झाकणाने हवा दिली, तर सोडीन."

माशी गेली झाकणाकडे, भुणभुण भुणभुण.

"झाकणा झाकणा, हवा दे ना. टाकी सोडेना, पंप ढकलेना, फिल्टर गाळेना, इंजिन चालेना, मावशी जीप हलवेना, मला माती मिळेना."

झाकण म्हणालं, "माझ्या डोक्यावर इवलंसं भोक आहे. हवा तिथूनच आत जाते. काल कुणीतरी त्यावर माती लिंपली. माती निघाली, तर हवा देईन."

माशी झाकणावर बसली. बघते तर काय, अर्धं मडकं. गोल गोल, गुळगुळीत. तिचंच, काल जीप उभी असताना बांधलेलं.

माशीला रडू आलं. केवढ्या कष्टाने केलं होतं ते.

खाली मावशी पुटपुटली, "वांगी सुकून जातील गं बाई."

"भोक मीच बुजवलं," माशी हळूच म्हणाली. मग तिने माती कुरतडली. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. मडकं फुटलं.

फूस. झाकणाने हवा दिली.
गुळूक गुळूक. टाकीने सोडलं.
टक टक. पंपाने ढकललं.
झिर झिर. फिल्टरने गाळलं.
घुर्र घुर्र. इंजिन चाललं.

"आपोआप कशी सुरू झाली बाई?" म्हणत मावशीने जीप हलवली आणि ती बाजाराला गेली.

खाली चिखल होता. चाकाने मळलेला, मऊ मऊ. माशीने एक गोळी उचलली आणि नळामागच्या भिंतीपाशी गेली. पण लगेच लिंपली नाही.

"भिंतीबाई भिंतीबाई, इथून तू श्वास घेतेस का?"

"नाही गं," भिंत म्हणाली. "बांध खुशाल."

मग कुंभारमाशीने नवं मडकं बांधलं. पूर्ण. आणि त्यात अलगद अंडं ठेवलं.