नदीपलीकडचे नऊ गडी

फार मागची गोष्ट. किती मागची ते मला सांगता यायचं नाही, पण तेव्हा भांडणं खेळून मिटवायचे.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती आणि मध्ये बेटावर एक हिरवंगार कुरण होतं. दरसाल आट्यापाट्यांचा डाव व्हायचा. जिंकेल त्या गावाची गुरं उन्हाळाभर तिथे चरायची. राजाने एक अट घातली होती, की जे गाव सलग सात वर्षं जिंकेल, त्याचं कुरण कायमचं.

हा खेळ तुम्हाला ठाऊक असेल. नऊ गडी मैदानातल्या रेघा राखतात, समोरचे त्या ओलांडून जायला बघतात. पुढच्या रेघेवरचा हुकला, तर मागच्याने न विचारता ओळखायचं की आता गडी कुठून येणार.

अलीकडचं गाव आधी चार वर्षं जिंकलं. पाचव्या वर्षी हरलं. पाटलांना राग आला. त्यांनी नऊही जणांचे भगवे फेटे पारावर उतरवून घेतले आणि पुन्हा मैदानात पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. रागात केलेलं पुढच्या वर्षी रीत होऊन बसलं.

मग पाटील दरसाल पलीकडे माणूस पाठवत. एका वर्षी त्याने सांगितलं, तिकडचे गडी उंच आहेत. पाटलांनी उंच पोरं वेचली. हरले. पुढच्या वर्षी तो म्हणाला, उंचीचं काही नाही, ते चपळ आहेत. चपळ वेचले. तेही हरले. पहिली हार धरून अशी सलग सहा वर्षं गेली.

त्या गावात शिदूतात्या नावाचा म्हातारा गुराखी होता. सगळ्या गावाची गुरं त्याच्या हाती, आणि त्यांच्या फासळ्या त्याला रोज दिसत. सातव्या डावाआधी तो स्वतःच नदी उतरून गेला.

पलीकडे नऊ गडी एका बांधावर बसून भाकरी खात होते. एकाने कांदा फोडला आणि न बघता मागे हात केला, मागच्याने तो घेतला. त्यांना खेळवणारा म्हातारा येसबा हसला.

"या तात्या. तुमचा माणूस दरसाल आमच्या गड्यांच्या मांड्या मोजून जातो. तुम्ही काय मोजणार?"

तात्या म्हणाला, "यंदाचे गडी कुठून आणले?"

"कुठून आणतोय? हे तेच आहेत. चार वर्षं तुमच्याकडून हरले ना, तेच. आमच्या बायका म्हणायच्या, ह्यांच्यापरीस बुजगावणी उभी करा."

"आणि तरी बदलले नाहीत?"

"हे हरलेत, म्हणून ह्यांनाच ठाऊक आहे तात्या, आपण कुठून हरतो ते."

तात्या तसाच ओल्या धोतराने पाटलांकडे गेला. गेल्या सालचेच नऊ उभे करा, म्हणून विनवलं. पाटलांनी ऐकून घेतलं. नवे फेटे वाटून झाले होते.

"तात्या, तुमचं खरं असेल," ते म्हणाले. "पण उतरवलेला फेटा मी परत बांधला, तर सहा वर्षं मी चुकलो असं होईल."

डाव झाला. नवे गडी दांडगे होते, झटलेही. पण तिसऱ्या रेघेवरच्याला वाटलं चौथा धरेल, चौथ्याला वाटलं तिसरा. त्या दोघांमधून पलीकडचा गडी चालत जावा तसा निघून गेला, आणि कुरणही गेलं.

संध्याकाळी पारावर आणखी नऊ फेटे ठेवले गेले. तात्याने भोवती बसलेली, सात वर्षांत फेटा उतरवलेली माणसं बोटांवर मोजली. त्रेसष्ट भरली. गावात त्रेसष्ट खेळाडू होते आणि नऊ जणांचा एक संघ नव्हता.

कुरणाविना तो सातवा उन्हाळा. निम्मी गुरं दावणीलाच मेली. उरलेली तात्या नदीवर पाण्याला न्यायचा. पाणी पिऊन झालं तरी ती हलत नसत, बेटाकडे तोंड करून उभी राहत. तात्या त्यांना हाकलत नसे. हाकलून न्यायचं तरी कुठे?

तर मंडळी, हरलेल्या माणसाला जो हाकलतो, तो त्याच्याबरोबर हरण्यातून आलेलं शहाणपणही हाकलून देतो.